झाकणाचा ठेका

१

सुट्टीला कुठे जायचं यावर या घरात कधीच वाद झाला नाही. वाद व्हायचे ते तंबूत कडेला कोण झोपणार, हवा भरायचा पंप कोण विसरलं आणि मागच्या वर्षीची वाळू अजून गादीच्या पिशवीत कशी, यावर. ठिकाण मात्र ठरलेलं होतं. समुद्र वळण घेऊन जमिनीत लांबवर शिरलाय, ती खाडी. अलीकडच्या काठावर तंबूंसाठी मोकळी जागा, पाण्याचा एक नळ, सावलीला चार झाडं. पलीकडच्या काठावर माणसाहून उंच लव्हाळ्यांचं रान, आणि त्यात काहीही नाही.

त्या खाडीवर आई कधी हाक मारत नसे. एक तर तिथला वारा शब्द तोंडातून बाहेर पडू देत नाही. दुसरं म्हणजे बाबांना हाक ऐकूच यायची नाही. उभा जन्म छापखान्यात यंत्राशेजारी काढून त्यांचे कान कामातून गेले होते. म्हणून आई मोठ्या पातेल्याचं जाड झाकण एका हातात धरायची आणि डावाने त्यावर ठोके द्यायची. प्रत्येकाचा ठेका वेगळा. बाबांचा सावकाश: दोन ठोके, जरा दम, मग एक. धाकट्याचा घाईघाईचा, पोरगं पळत सुटावं तसा. आणि थोरल्या लेकीचा, ताईचाही एक होता. ज्याचा ठेका पडेल त्याने असेल तिथून निघायचं. बाबांना छापखान्याचा भोंगा कधी ऐकू आला नाही, पण आईचं झाकण मात्र पार वाळूच्या टोकावरून ऐकू यायचं. यावर घरात सगळ्यांनी त्यांची भरपूर थट्टा केली होती.

बाकीचे जेवायला बसले तरी शेवटचा माणूस येईपर्यंत आई घास घ्यायची नाही. न आलेल्याचं ताट वाढून ठेवायची आणि ते गार होत चाललेलं बघत ठोके देत राहायची. कुणी कितीही समजावलं तरी ऐकायची नाही.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. उन्हाळा आला तेव्हा कुणीच सुट्टीचा विषय काढेना, शेवटी बाबाच म्हणाले, "जायचं ना?" आणि सगळ्यांनी सुटका झाल्यासारखे तंबू बाहेर काढले. सामान भरताना धाकट्याच्या बायकोने विचारलं, "ताई, ते मोठं पातेलं घ्यायचं का?"

"नको. जड होईल," ताई म्हणाली.

किती जड, ते दोघींनाही कळलं. पातेलं आणि झाकण घरच्या कपाटातच राहिलं.

२

ताई कान तपासायचं काम करते. माणसाच्या कानांवर हेडफोन लावायचे, बारीक-मोठे आवाज सोडायचे, ऐकू आलं की त्याने बोट वर करायचं. मग त्याच्या कानाच्या मापाचं ऐकायचं यंत्र बनवून द्यायचं. धाकटा तिला 'कानफुंकी डॉक्टर' म्हणतो आणि ती दरवेळी सांगते की ती डॉक्टर नाही. बाबांची दोन्ही यंत्रं तिनेच बसवलेली होती. ती वाऱ्यात शिट्टी मारतात म्हणून खाडीवर आले की बाबा ती काढून डबीत ठेवायचे आणि आपल्या गुपचूप जगात खुर्ची टाकून बसायचे.

पहिल्याच दिवशी, दुपारी, तंबू ताणून झाले होते. धाकट्याची बायको नव्या हलक्या भांड्यांचा संच उघडून बसली होती. धाकट्याची लेक चिमणी शिंपले धुऊन धुऊन ओळीत मांडत होती. ओहोटी लागली होती आणि पाणी मुकाट्याने मागे सरत होतं. बाबा डोळ्यांवर कापडी टोपी ओढून खुर्चीत होते. अचानक ते उठले, मांडीवरची वाळू झटकली आणि मोठ्याने म्हणाले, "आलो गं, आलो!"

आणि पाण्याच्या दिशेने चालू लागले.

"बाबा, अजून अंडीसुद्धा उकडली नाहीत," धाकट्याची बायको हसत म्हणाली. त्यांना ते ऐकू आलं नाही. ताईने पुढे होऊन दंडाला धरलं, डबीतली यंत्रं त्यांच्या कानात बसवली. बाबांनी मान तिरकी करून कानोसा घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"बंद झालं," ते म्हणाले.

"काय बंद झालं?"

त्यांनी ताईच्या मनगटावर बोटाने वाजवून दाखवलं. दोन, जरा दम, एक.

ताईला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. तिच्या तोंडून तेच आलं, जे ती रोज कुणा ना कुणाला सांगते. "बाबा, कानांना बाहेरचं कमी यायला लागलं ना, की डोकं आपल्याच पदरचे आवाज घालतं. माझ्याकडे येतात त्यांतल्या कुणाला घंटा ऐकू येते, कुणाला जुनी गाणी. घाबरायचं नसतं."

"मी कुठे घाबरलोय?" बाबा म्हणाले. "आणि तुझ्या त्या लोकांतल्या कुणाला झाकण ऐकू येतं का?"

"झाकण नाही."

"मग?" बाबा म्हणाले आणि पलीकडच्या काठाकडे बघत बसले.

३

दुसऱ्या दिवशीही तसंच. पाणी उतरायला लागलं की बाबा यंत्रं काढायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कुणी ओळखीचं माणूस गल्लीच्या टोकाला दिसावं तसा उजेड यायचा. यंत्रं घातली की गेला. ताईच्या बुद्धीला हे पटण्यासारखं होतं. आवाज डोक्यातलाच असेल, तर बाहेरचे आवाज आले की तो दबणारच. तिने स्वतःला तसं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या ऐवजी ती खुर्ची घेऊन बाबांच्या पाठीमागे बसली.

"तपासू या का?" तिने त्यांच्या पुढ्यात वाकून, ओठ स्पष्ट हलवत विचारलं. "ठोका पडला की बोट वर."

बाबा शहाण्या मुलासारखे मांडीवर हात ठेवून बसले. तोंड झाडाच्या बुंध्याकडे, खाडीकडे पाठ. ताई मात्र खाडीकडे बघत होती. ती काय शोधत होती ते तिला माहीत होतं: झाडाची फांदी, होडीचं शिड, तंबूची सैल दोरी, असं काहीतरी जे ठेक्यात हलतं आणि ज्याचा हादरा जमिनीतून बाबांपर्यंत पोचतो.

बाबांचं बोट वर झालं. पुन्हा झालं. मग जरा दम. आणि तिसऱ्यांदा बोट वर झालं, त्याच क्षणी पलीकडच्या लव्हाळ्यांतून बगळ्यांचा अख्खा थवा फडफडून उठला.

काठावर तसा एकही आवाज नव्हता. बगळे हवेत एक वळसा घेऊन पुन्हा खाली बसले. बाबांचं बोट वर गेलं, दोनदा आणि मग एकदा, आणि बगळे पुन्हा उठले. बाबांची पाठ तिकडे होती.

ताई उठून नळावर गेली आणि उगाचच हात धुतले. खरं सांगायचं तर तिला भीती कमी आणि हेवा जास्त वाटत होता. आई हाका मारतेय आणि त्या ऐकू येतायत बाबांना! आणि ताई, जिचं अख्खं आयुष्य कानांत गेलं, जिला दारामागचा श्वास ऐकू येतो, तिला काही नाही. तिने जगातल्या कितीतरी लोकांना आवाज मिळवून दिले आणि आईचा एकसुद्धा जपून ठेवला नव्हता. आई होतीच की, कशाला जपायचा!

आणि आणखी एक गोष्ट होती, जी ती कुणाला सांगू शकत नव्हती. तिला तिचा स्वतःचा ठेका आठवत नव्हता.

त्या दिवशी भांडी घासताना तिने धाकट्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. धाकट्याने थाळीवर काहीतरी वाजवलं. "असा होता बहुतेक. नाही? मग असा?" दोन्ही चुकीचे होते, हे ताईला पक्कं कळलं, बरोबर कोणता ते मात्र कळेना. मग तिने बाबांना विचारलं. बाबांनी बराच विचार केला. "तुझा ना? तुझा... अगं, तुझा कधी वाजवायला लागायचाच नाही. तू सगळ्यांत आधी येऊन बसायचीस."

ताईने मान हलवली आणि थाळी पुसत राहिली. नको इतकी पुसली.

४

बाबांचं जेवण कमी होत चाललं. ताटात वाढलं की ते त्यातलं थोडं इकडून तिकडे करायचे आणि टोपी चढवून पुन्हा काठावर. धाकटा चिडला. "बाबा, हवा खाऊन राहणार का आता?"

"तुमचं चालू द्या," बाबा म्हणाले. "तिथे ती उपाशी बसलीये, माझ्या घशाखाली उतरत नाही."

चिमणीने मोठ्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि तिच्या आईने तिला शिंपले आणायला पाठवलं.

"हिवाळ्यापासून वाट बघतेय," बाबा हळू आवाजात म्हणाले. त्यांना वाटत असे की ते हळू बोलतायत. "तिचं तुम्हाला माहीत आहे. सगळे आल्याशिवाय ती घास घ्यायची नाही. इतके महिने! कसली हट्टी बाई आहे."

ते हे इतक्या मायेने म्हणाले की धाकटा उठून तंबूच्या मागे गेला. त्याची बायको ताईजवळ सरकली. "ताई, घरी जाऊ या का? हे ठीक नाही वाटत मला."

ताईला 'हो' म्हणायचं होतं. शहाणपण त्यातच होतं. पण तिच्या तोंडून आलं, "परवा निघायचंच आहे. उगाच त्यांचा हिरमोड कशाला?" हिरमोड कुणाचा, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

तंबूंच्या जागेचा राखणदार संध्याकाळी लाकडं द्यायला आला, तेव्हा तिने पलीकडच्या काठाबद्दल विचारलं. "तिकडे राहतं का कुणी? मासे धरायला वगैरे?"

"तिकडे?" तो म्हणाला. "तिकडे नुसता चिखल. पाणी गेलं की वाटतं, चालत जाऊ. मधली वाळू चांगली घट्ट आहे. पण पुढे पाय ठेवला की कमरेपर्यंत. पोरीला सांभाळा तेवढं."

"आणि आवाज? भांड्यांचा वगैरे?"

त्याने लाकडं खाली ठेवली, हात झटकले. "भूक लागली असेल कुणाला," तो हसून म्हणाला आणि पुढच्या तंबूकडे गेला.

५

शेवटच्या दिवशी ओहोटी फार खाली गेली. इतकं उघडं पडलेलं खाडीचं पोट त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. भर दुपार, ऊन लखलखीत, आणि पाण्याची फक्त एक बारीक पट्टी पलीकडच्या काठाला चिकटून. धाकटा गाडीत सामान चढवत होता. त्याची बायको पावांना लोणी लावत होती. ताईने तंबूच्या खुंट्या उपटून वर पाहिलं आणि बाबांची खुर्ची रिकामी होती.

खुर्चीत यंत्रांची डबी होती. ताईने ती उचलून हलवली. दोन्ही यंत्रं आत होती.

बाबा वाळूवर बरेच पुढे गेले होते. घाईत नव्हते. जेवायला निघालेला माणूस चालतो तसे, हात मागे बांधून, चालले होते.

"बाबा!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिला कळलं की काही उपयोग नाही. तिने वर्षानुवर्षं त्यांचे कान मोजले होते. कोणता आवाज त्यांना येतो आणि कोणता येत नाही हे तिच्याइतकं जगात कुणाला माहीत नव्हतं. तिची हाक, ती कितीही जिवाच्या आकांताने मारली तरी, त्यांच्यापर्यंत जाणार नव्हती. तिने समोरचं नवं पातेलं उचलून त्यावर चमच्याने त्यांचा ठेका वाजवला. टिन् टिन्, टिन्. पत्र्याच्या खेळण्यासारखा आवाज झाला. बाबा थांबलेसुद्धा नाहीत. तिने पातेलं टाकलं आणि पळत सुटली. मागून धाकटा काहीतरी ओरडला.

ती पोचली तेव्हा वाळू संपली होती आणि बाबा घोट्याच्या वर चिखलात होते. तिने मागून त्यांना मिठीच मारली. ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी बरोबर यायला तयार झालं याचा आनंद होता.

"बाबा, चला. चला ना परत," ती धापा टाकत म्हणाली. ती रडत होती. "तिकडे कुणी नाहीये. तिकडे काही नाहीये हो."

त्यांनी तिच्या ओठांकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "तुला ऐकूच येत नाही ना? अगं, तुझ्या कानांत केवढा गलका भरलाय. थांब."

आणि त्यांनी आपले दोन्ही तळवे तिच्या कानांवर ठेवले. छापखान्यातले मोठे, जाड तळवे. ते घट्ट दाबले.

वारा गेला. पाणी गेलं. मागून येणारी धाकट्याची हाक गेली. तिचा स्वतःचा श्वास तेवढा राहिला, आणि हळूहळू तोही गेला. मग तिला झाकण ऐकू आलं.

तेच. जाड, घुमणारं, कडेला जरासं चिरकं. दोन ठोके. जरा दम. एक. इतक्या जवळून की ताई लहान मुलीसारखी दचकली. तिने मान वळवली नाही, फक्त डोळे वळवले. बाबांच्या खांद्यावरून, लव्हाळ्यांच्या फटीतून, तिला त्यांच्या लहानपणच्या जुन्या तंबूचा निळा कोपरा दिसला. एक बाई पाठमोरी ओणवी होऊन काहीतरी वाढत होती. तिच्या कोपराची ती वळायची तऱ्हा ताईने हजार वेळा पाहिली होती. ठोके थांबले. झाकण खाली ठेवल्याचाही आवाज आला. बाईसमोर कुणीतरी जेवायला बसलं होतं. पाठ किंचित वाकलेली. डोक्यावर कापडी टोपी. एक मोठा, जाड हात ताटाकडे गेला आणि तोंडाकडे आला.

बाबांचे दोन्ही हात अजून ताईच्या कानांवर होते.

"आई," ताई म्हणाली. आवाज निघाला की नाही, तिला ऐकू आलं नाही. बाई वळायला लागली.

बाबांनी हात काढले. वारा धाडकन कानांत शिरला, धाकट्याने दोघांना मागून धरलं, आणि समोर नुसती लव्हाळी होती, उन्हात हलणारी.

६

परत आणल्यावर सगळे एकदम बोलू लागले. धाकटा आधी ओरडला, मग रडला, मग बाबांच्या टोपीवरून विनोद करायला लागला. त्याच्या बायकोने पाणी गरम केलं. बाबा सगळ्यांकडे बघून समाधानाने मान डोलवत होते. ताईने त्यांना नळाजवळ बसवलं आणि पायांचा चिखल धुतला. मग ओल्या फडक्याने तोंड पुसायला गेली आणि थांबली.

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला भाताचं शीत चिकटलं होतं.

त्या दिवशी भात केलाच नव्हता. आदल्या दिवशीही नाही. तिने शीत बोटावर घेतलं. ते मऊ होतं, आणि कोमट होतं. धाकट्याला दाखवावं म्हणून ती उठली आणि मग, का ते तिला सांगता आलं नसतं, तिने मूठ मिटून घेतली.

"बाबा, बसा, दोन घास खा आणि निघू," धाकटा ताट घेऊन आला.

"नको रे. माझं झालं."

"कुठे झालं? सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही!"

"झालं माझं," बाबा म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज इतका निवांत झाला नव्हता. धाकट्याने ताईकडे बघून खांदे उडवले. घरी जाऊन खातील, दमलेत, असं म्हणून त्याने पाव बांधून घेतले.

घरी जाऊनही त्यांनी खाल्लं नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तक्रार कसलीच नव्हती. डॉक्टर येऊन गेले, नाडी उत्तम म्हणाले. बाबा खिडकीजवळ बसून राहायचे, भरल्या पोटी माणूस बसतो तसे, सुस्त आणि हसतमुख. चौथ्या दिवशी ताई पेज घेऊन त्यांच्या पुढ्यात बसली. चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड बाजूला केलं नाही, नुसतं उघडलं नाही.

"माझ्यासाठी, बाबा," ती म्हणाली. "एक घास. तुम्ही असे राहिलात तर मी काय करू? सांगा ना. आई गेली, आता तुम्ही..."

बाबांनी तिच्या गालावर हात ठेवला. हात गरम होता. मग त्यांनी दोन्ही यंत्रं कानांतून काढली आणि तिच्या ओंजळीत ठेवली, आता लागणार नाहीत अशी.

"माझं पोट भरलंय गं," ते म्हणाले. "तू का बसून राहिलीस? जा ना. केव्हाची ठोके देतेय ती. तुझं ताट गार होतंय."

पेजेची वाटी ताईने खाली ठेवली. बाहेर रस्त्यावर गाड्या होत्या, शेजारी कुणीतरी खिळा ठोकत होतं, स्वयंपाकघरात चिमणी काहीतरी मागत होती. ताईने डोळे मिटले आणि आपले दोन्ही कान तळव्यांनी घट्ट झाकून घेतले.